पाणी नेमकं कुठे अडलंय? घरच्या ड्रेनेजची तपासणी आणि निगा

सिंकमधलं पाणी खाली जाईना की बहुतेक घरांत पहिली धाव किराणा दुकानाकडे असते. पावडर आणा, ओता, थांबा. पावडरीने कधी काम होतं, कधी होत नाही, आणि का झालं नाही हे कोणालाच कळत नाही. पाणी जिथे वर येतं तिथेच ते अडलेलं असतं असं नाही. तळमजल्याच्या मोरीतून उफाळणारं पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या घरातलं असू शकतं आणि बोळा बसलेला असतो अंगणातल्या चेंबरच्या तोंडाशी. अशा वेळी तळमजल्यावाल्याने स्वतःच्या मोरीत कितीही सळया घातल्या तरी हात घाण होण्यापलीकडे काही होत नाही. आधी जागा शोधायची, मग हत्यार उचलायचं. पुढचं सगळं त्याच क्रमाने लिहिलं आहे. मुख्यतः सोसायटीतल्या फ्लॅटसाठी, पण बंगला किंवा गावचं घर असलं तरी बराचसा भाग लागू पडेल.

आधी पाण्याची वाट माहीत करून घ्या

बेसिन, सिंक, मोरी, कमोड, प्रत्येकाखाली एक ट्रॅप असतो. ट्रॅप म्हणजे पाईपचा असा वाकवलेला भाग की ज्यात थोडं पाणी कायम साचून राहतं. साधारण ५० मिलिमीटर उंचीचं हे पाणी गटारातला वास, झुरळं आणि चिलटं घरात येऊ देत नाही. ट्रॅपच्या पुढे पाईप डक्टमधल्या (इमारतीत पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या मोकळ्या जागेतल्या) उभ्या पाईपला मिळतो. जुन्या इमारतींत संडासाचा उभा पाईप वेगळा आणि मोरी-स्वयंपाकघराचा वेगळा असतो. मोरीचं पाणी खाली गली ट्रॅपमधून (जमिनीवर इमारतीलगत बसवलेल्या ट्रॅपमधून) चेंबरमध्ये जातं, संडासाचं थेट चेंबरमध्ये. नव्या इमारतींत अनेकदा एकाच उभ्या पाईपवर सगळं असतं. हा पाईप वर गच्चीच्याही वर उघडा सोडलेला असतो, कारण पाणी खाली सरकताना मागून हवा यावी लागते. गच्चीवरच्या या तोंडावर कबुतराने घरटं केलं किंवा कोणी वास येतो म्हणून पिशवी बांधली, की खाली प्रत्येक घरात गुडगुड सुरू होते आणि ट्रॅपमधलं पाणी ओढून नेलं जातं.

पाईपांचे आकारही लक्षात असू द्या. बेसिनचा पाईप साधारण ३२ मिलिमीटर, सिंकचा ४० ते ५०, मोरीच्या ट्रॅपचा ७५, कमोडचा ११०. मोरीवरची जाळी ऐसपैस दिसते म्हणून खालीही तेवढीच जागा आहे असं समजू नका.

आता एक रविवार सकाळ यासाठी काढा. कपड्यांची नीळ घ्या. एकाने खाली चेंबरपाशी फोन घेऊन थांबायचं (झाकण कसं उघडायचं ते पुढे आहे, ते वाचल्याशिवाय उघडू नका). दुसऱ्याने बादलीभर पाण्यात नीळ टाकून ती आधी सिंकमध्ये ओतायची. निळं पाणी कुठल्या चेंबरला, कुठल्या पाईपातून आणि किती वेळाने आलं ते लिहून ठेवायचं. पाणी स्वच्छ झालं की मोरी, मग बेसिन, मग कमोड. सोसायटीकडे ड्रेनेजचा नकाशा असायला हवा, पण तो क्वचित सापडतो, आणि सापडला तरी मधल्या वीस-पंचवीस वर्षांत पाईप हलवलेले असतात. हा हाताने काढलेला कागद त्या नकाशापेक्षा जास्त कामाचा. मीटरच्या पेटीत चिकटवून ठेवा.

लक्षणं काय सांगतात

एकच सिंक किंवा एकच बेसिन हळू वाहतंय, बाकी सगळं ठीक, तर दोष त्याच्याच ट्रॅपमध्ये किंवा लगेच पुढच्या पाईपमध्ये. हे घरच्या घरी सुटतं.

बेसिनमध्ये पाणी सोडलं की मोरीच्या जाळीतून वर येतं, तर बेसिन निर्दोष आहे. बेसिन आणि वॉशिंग मशीनचं पाणी बहुधा मोरीच्याच ट्रॅपमध्ये उतरवलेलं असतं, आणि तुंबलेला आहे तो ट्रॅप किंवा त्याच्या पुढचा आडवा पाईप. मशीन एका दमात भरपूर पाणी फेकतं, त्यामुळे अर्धवट तुंबलेली मोरी सगळ्यात आधी कपडे धुण्याच्या दिवशी उघडी पडते.

फ्लश केल्यावर मोरीत बुडबुडे येतात किंवा कमोडमधलं पाणी आधी वर चढून मग सावकाश उतरतं, तर अडथळा घराच्या बाहेर, उभ्या पाईपमध्ये किंवा खाली असण्याची शक्यता जास्त. शेजाऱ्याला विचारा. वरच्याला त्रास नाही, खालच्याला आहे, तर बोळा खालच्याच्याही खाली आहे. तळमजल्यावर नळ बंद असताना पाणी वर येत असेल तर अजिबात वेळ न घालवता वरच्या सगळ्या मजल्यांना पाणी वापरणं थांबवायला सांगा आणि चेंबरकडे जा.

पाणी व्यवस्थित जातंय पण वास येतोय, हे तुंबण्याचं लक्षण नाही. ट्रॅप कोरडा पडलाय, मोरीच्या जाळीखालची वाटी कोणी काढून टाकलीये किंवा सिंकचा पाईप जमिनीतल्या पाईपात नुसता खोचून ठेवलाय. या वासावर फिनेल ओतण्यात पैसे घालवू नका.

महिन्यातून एकदा करायची तपासणी

लागणारं सामान: रबरी हातमोजे, टॉर्च, एक उथळ टब, जुना टूथब्रश, बाटली धुण्याचा लांब ब्रश, वर्तमानपत्र.

सिंकपासून सुरुवात करा. सिंकखाली टब ठेवा आणि बॉटल ट्रॅपचा (बाटलीच्या आकाराच्या ट्रॅपचा) खालचा कप हाताने फिरवून काढा. पाना लावायची गरज पडू नये. पडली तर आधीच्या माणसाने तो नको इतका आवळलाय. आत राखाडी, बुळबुळीत थर दिसेल: तूप-तेल, साबण, चहाचा चोथा, भाताची शितं. तो टबमध्ये काढा आणि ओल्या कचऱ्यात टाका, कमोडमध्ये नाही. रबरी वॉशर चपटा किंवा चिरलेला असेल तर बदला. कप परत बसवून खाली वर्तमानपत्र पसरा, सिंक अर्धं भरून एकदम सोडा आणि कागदावर थेंब पडतोय का पाहा.

बॉटल ट्रॅपच्या जागी घड्या-घड्यांचा लवचीक पाईप असेल तर माझं मत स्पष्ट आहे: बदलून टाका. प्रत्येक घडीत तेल धरतं, मध्ये झोळ पडतो आणि त्या झोळात अन्न कुजतं. साध्या गुळगुळीत पीव्हीसी पाईपचा आणि ट्रॅपचा खर्च फार नाही. पाईप जिथे भिंतीत किंवा जमिनीत शिरतो तिथली फट रबरी कपलिंगने बंद करा. एम-सील थापलं की पुढच्या वेळी सगळं फोडावं लागतं.

मोरीत जाळी उचला. खाली एक वाटी किंवा कप असतो, तो वर खेचला की निघतो. त्याच्या कडेला केसांचा आणि साबणाचा गुंता बसलेला असतो. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा पांढुरका, घट्ट थर जास्त जमतो, कारण पाण्यातल्या कॅल्शियमशी साबण मिळून न विरघळणारा साका तयार होतो. तो ब्रशने खरवडावाच लागतो. मग वाटी परत बसवा. हे मुद्दाम सांगतोय, कारण ‘वाटी काढली की पाणी भराभर जातं’ म्हणून ती कायमची माळ्यावर टाकलेली घरं खूप आहेत. अनेक ट्रॅपमध्ये पाणी अडवून धरण्याचं काम ही वाटीच करते. ती गेली की दार उघडंच.

पाहुण्यांचं बाथरूम वापरात नसेल तर आठवड्याला एक तांब्या पाणी तिथल्या मोरीत आणि बेसिनमध्ये ओता. मे महिन्यात गावी जाताना ट्रॅपमध्ये पाणी भरून वर दोन चमचे खाण्याचं तेल सोडलं तर पाणी सावकाश आटतं. तेलाचा ड्रेनेजला झालेला हा एकमेव उपयोग.

शेवटी बादलीची परीक्षा. पंधरा-वीस लिटरची बादली मोरीत एकदम ओता. पाणी क्षणभर साचून भोवरा करत जायला हवं. साचलेलं पाणी रेंगाळलं आणि मागे फेस राहिला तर पुढचा पाईप अरुंद होत चाललाय. आज अडलेलं नाही, पण दिवाळीत, अभ्यंगस्नानाचं तेल, उटणं आणि फराळाच्या कढया एकाच आठवड्यात येतात तेव्हा अडेल.

तुंबल्यावर, हलक्या हाताने सुरुवात

१. नळ बंद. घरातल्या सगळ्यांना सांगा. साचलेलं पाणी मगाने उपसून दोन-तीन इंच ठेवा.

२. रबरी पंप. सिंकला दोन भांडी असतील तर दुसऱ्याचं भोक, आणि बेसिनचं वरचं ओव्हरफ्लोचं भोक ओल्या फडक्याने घट्ट बंद करा, नाहीतर सगळा जोर तिथून निघून जातो. पंपाचा कप पाण्यात पूर्ण बुडलेला हवा. दाबण्यापेक्षा ओढण्यावर भर द्या. बोळा पुढे ढकलला तर तो पुढच्या वळणावर जाऊन बसतो. मागे ओढला तर मोकळा होतो किंवा हातात येतो.

३. ट्रॅप उघडा, वर सांगितल्याप्रमाणे. कितीतरी वेळा काम इथेच संपतं.

४. स्प्रिंगची लवचीक वायर. हार्डवेअरच्या दुकानात हाताने फिरवायची मिळते. ट्रॅप काढून थेट भिंतीतल्या पाईपात घाला. अडली की जोर न लावता फिरवत राहा. मऊ लागलं तर तेल-केस आहेत, खरखरीत आणि टणक लागलं तर सिमेंट असू शकतं. बाहेर काढताना फडक्यातून ओढून पुसत या. लोखंडी गज किंवा बांबू पीव्हीसीच्या वळणात घालू नका. बेंड फुटला तर ते खालच्या घराच्या छतावर ओल आली की मगच कळतं.

५. डक्टमधल्या पाईपवर नट-बोल्टचं झाकण असलेले बेंड असतात. ते उघडण्याआधी वरच्या प्रत्येक घराला खबर द्या. बोळा त्याच्या खाली असेल तर वरच्या मजल्यांचं पाणी पाईपात उभं असतं, आणि झाकण उघडणाऱ्याच्या तोंडावर येतं. बोल्ट थोडे सैल करून आधी झिरपू द्या. हे काम डक्टमध्ये उभं राहण्याची धड जागा असेल तरच, आणि शक्यतो प्लंबरनेच.

पावडर, ॲसिड आणि बेकिंग सोडा

ड्रेनची पावडर म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा. तो तेलाचा साबण करतो, केस गाळतो आणि पाण्यात पडला की बराच तापतो. पाईप अरुंद झालाय पण पाणी हळूहळू का होईना जातंय, अशा वेळी तो उपयोगी आहे. पूर्ण तुंबलेल्या पाईपात तो बोळ्यापर्यंत नीट पोचतच नाही. वरच्या पाण्यात पातळ होतो, किंवा कमी पाण्यात ओतला तर ट्रॅपमध्येच दगडासारखा घट्ट होऊन बसतो. मग बोळे दोन. वापरायचा तर पाकिटावरचं प्रमाण आणि वेळ पाळा, मोजे आणि चष्मा घाला, ॲल्युमिनियमच्या भांड्यापासून लांब ठेवा. त्यानंतरही प्लंबर बोलवावा लागला तर आत कॉस्टिक आहे हे त्याला पहिल्या वाक्यात सांगा. ट्रॅप उघडल्यावर ते त्याच्या हातावर पडतं.

बाटलीतलं स्वस्त ॲसिड घरात आणू नका. तेलावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. सिमेंट, मार्बल आणि मोझॅक मात्र ते खातं. ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचच्या पाण्यावर पडलं तर क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. कॉस्टिकवर ॲसिड ओतलं तर उकळून उडतं. एक घातल्यावर दुसरं कधीच नाही.

बेकिंग सोडा आणि व्हिनेगर फसफसतात छान. पण दोन्ही एकमेकांना मारून उरतं ते जवळजवळ नुसतं खारट पाणी. वास थोडा कमी होईल, बोळा हलणार नाही. उकळत्या पाण्याबद्दलही सावध राहा. पीव्हीसी साधारण ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो. आंघोळीला सोसेल त्याहून थोडं जास्त गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, एवढं तेलकट सिंकला आठवड्यातून एकदा पुरे.

चेंबर

हा भाग घाईने वाचू नका. घरातल्या चुका दुरुस्त होतात, चेंबरमधली चूक माणूस घेऊन जाते.

चेंबरमध्ये आणि सेप्टिक टँकमध्ये हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साचतात. पहिल्याला सडक्या अंड्याचा वास असतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणजे धोका गेला असं नाही. दुसरा पेट घेतो. म्हणून झाकण पहारीने कडेला सरकवल्यावर किमान अर्धा तास उघडं सोडा, त्यावर वाकू नका, विडी-काडी जवळ नको, वारा पाठीमागून चेंबरकडे जाईल असे उभे राहा, दोघे जण असा, आणि मुलं-कुत्री लांब ठेवा. कितीही उथळ वाटलं तरी डोकं आत नाही, आणि कोणी आत उतरायचं नाही. माणसाला संरक्षक साधनांशिवाय गटारात किंवा टँकमध्ये उतरवणं हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. असं काम करताना मृत्यू झाल्यास द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. ‘तो स्वतःच तयार झाला’ हे उत्तर कमिटीला वाचवत नाही.

आता वाचायचं कसं. सोसायटीत चेंबर एका ओळीत असतात. इमारतीजवळचं उघडा. ते कोरडं आहे आणि घरात पाणी तुंबलंय, तर बोळा इमारत आणि त्या चेंबरच्या मध्ये. ते भरलेलं आहे, तर रस्त्याच्या दिशेने पुढचं उघडा. असं करत जिथे पहिलं रिकामं चेंबर मिळेल, तिथे थांबा. शेवटचं भरलेलं आणि पहिलं रिकामं यांच्यामध्येच अडलंय. रस्त्यावरचं शेवटचं चेंबरही भरलेलं असेल तर काम महापालिकेचं. वॉर्ड ऑफिसला तक्रार करा (मुंबईत १९१६ वर). आवाराच्या आतलं काम साधारणपणे सोसायटीचं, बाहेरच्या लाइनचं पालिकेचं, आणि फोन करण्याआधी हे तपासलेलं असलं की टोलवाटोलवी कमी होते.

आटे असलेल्या सळया जोडून पाईप साफ करणारे येतात. त्या रिकाम्या चेंबरकडून वरच्या दिशेने घातल्या तर काम दिसतं. सळया एकाच बाजूला, आटे घट्ट होतील अशाच फिरवायच्या. उलट फिरवल्या की आतल्या आत सुटतात आणि पाईपात दहा फूट लोखंड राहून जातं. बोळा सुटला की पाणी झेप घेतं, म्हणून तोंडासमोर नाही, बाजूला उभं राहायचं. दोन चेंबरमधलं अंतर जास्त असेल किंवा तेलाचा थर जाड असेल तर प्रेशरच्या पाण्याची जेटिंग गाडी मागवा, सळईने थराला फक्त भोक पडतं.

उघडलंच आहे तर टॉर्च मारून पाहून घ्या. तळाच्या पन्हळीवर माती आलीये का? घूस चेंबरच्या कडेने बीळ करते आणि सगळी माती आत सोडते. बारीक तांबूस मुळं दिसतात का? पिंपळ-वडाची रोपं जुन्या भाजलेल्या मातीच्या पाईपांच्या सांध्यातून आत शिरतात, आणि कापली तरी परत येतात. सांधा बदलावा लागतो. खडी, टाइलचे तुकडे, सिमेंटचा पांढरा लोट दिसला तर कोणाच्या घरी काम चालू आहे ते शोधा. झाकण परत बसवताना फट ठेवू नका, क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतात.

घरात गवंडी असेल तेव्हा

फ्लॅटचं काम चालू असताना मोरीवर वेगळं लक्ष हवं. गवंडी घमेलं, थापी आणि टाइलच्या फटीत भरायचं पांढरं सिमेंट मोरीतच धुतात. सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं, आणि झालं की कुठलीही पावडर चालत नाही, पाईप कापावाच लागतो. कामाच्या पहिल्या दिवशी सगळ्या जाळ्यांवर प्लास्टिक आणि फडकं बांधा, धुण्यासाठी पिंप द्या, गाळ बसू द्या, वरचं पाणी टाका आणि गाळ राबिटाबरोबर पाठवा. सोसायटीने काम सुरू करण्याच्या परवानगीतच ही अट घालावी.

बाथरूम नव्याने करताना उतार विचारा. मीटरला साधारण अडीच सेंटिमीटर उतार लहान पाईपला लागतो. कमोड जागेवरून हलवून लांबवर नेला की तेवढा उतार मिळत नाही आणि ते बाथरूम नवं असतानाच तुंबायला लागतं. पाईपवर छापलेलं वाचा: सांडपाण्यासाठी आयएस १३५९२ या भारतीय मानकाखालचा एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा) पाईप, ‘टाइप बी’. ‘टाइप ए’ हवेच्या आणि पावसाच्या पाईपसाठी असतो, आणि स्वस्त म्हणून तोच खपवला जातो.

पावसाआधी, आणि बंगल्यात

मेच्या अखेरीस गच्चीची आणि बाल्कनीची तोंडं साफ करा, पाला अडवणाऱ्या घुमटाकार जाळ्या बसवा. गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये सोडलेलं असेल तर ते तोडून पावसाच्या गटाराकडे वळवा. मुंबईत या दोन यंत्रणा वेगळ्याच आहेत, आणि एका तासाच्या मुसळधार पावसाचं पाणी मैल्याच्या पाईपला झेपत नाही. ते परत येतं तळमजल्यावर. सखल भागातल्या तळमजल्याला उलट पाणी अडवणारा व्हॉल्व्ह बसवून घ्या, पण त्याची झडप वर्षातून दोनदा साफ केली तरच.

सेप्टिक टँक असेल तर दर दोन-तीन वर्षांनी सक्शन गाडीने गाळ उपसा, तुंबण्याची वाट पाहू नका. गाळ शोषखड्ड्यात गेला की मातीची छिद्रं बुजतात आणि खड्डाच नवा काढावा लागतो. ॲसिड आणि फिनेलचा मारा कमी ठेवा, टँकमधले जिवाणूच काम करत असतात. वरच्या हवेच्या पाईपला मच्छरदाणीची जाळी बांधा.

प्लंबर बोलवाल तेव्हा

त्याला ‘ड्रेनेज तुंबलंय’ एवढंच सांगू नका. कुठे पाणी सोडलं की कुठे वर येतं, शेजाऱ्याकडे काय आहे, कुठलं चेंबर भरलंय आणि कुठलं रिकामं, आत काय रसायन घातलंय, हे सांगा आणि नीळ लावून काढलेला कागद दाखवा. दर तासाचा आहे की कामाचा, तेही आधी ठरवा. काम झाल्यावर आतून काय निघालं ते पाहायला मागा: केस, तेल, कापड की सिमेंट, त्यावर पुढचा उपाय ठरतो. मग त्याच्यासमोर लागोपाठ तीन बादल्या ओता, दोनदा फ्लश करा, सिंकखाली वर्तमानपत्र पसरून बघा आणि मोरीची वाटी जागेवर आहे ना ते तपासा. पैसे त्यानंतर. तीच जागा सहा महिन्यांत तिसऱ्यांदा तुंबली तर पुन्हा सळई घालण्याऐवजी पाईपात कॅमेरा सोडणाऱ्याला बोलवा. तिथे झोळ, मूळ किंवा फुटलेला सांधा असण्याचीच शक्यता जास्त.